रासायनिक विश्लेषकाने साक्षीच्या पिंजऱ्यात यावे

विषप्रयोगाच्या खटल्यांविषयीचा आपल्या देशातील कायदा पुण्यातील दोन प्रकरणांनी मोठ्या प्रमाणात घडवला आहे. या दोन प्रकरणांचे निकाल शेजारी ठेवून वाचले की गुन्ह्याच्या तपासात रसायनशास्त्राकडून काय मागावे आणि काय मागू नये, याविषयीच्या अनेक प्रचलित समजुती डळमळीत होतात. पहिल्या प्रकरणात मृत स्त्रीच्या शरीरात कोणतेही विष सापडले नाही, तरीही आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दुसऱ्यात मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला याबद्दल दोन्ही पक्षांत वादच नव्हता, तरीही सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने फाशी सुनावलेला आरोपी सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटला.

पहिले प्रकरण म्हणजे ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’. नोव्हेंबर १९५६ मध्ये मधुमेह आणि क्षय असलेली पुण्यातील एक सधन विधवा आपल्या डॉक्टरांबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाली. पहाटे व्हिक्टोरिया टर्मिनसला गाडी पोहोचली तेव्हा ती बेशुद्ध होती. डॉक्टरांनी तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, पण नाव खोटे दिले, आणि काही तासांतच ती मरण पावली. मृतदेह बेवारस ठरला. शवविच्छेदन झाले ते कित्येक दिवसांनी. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी राखून ठेवलेले अवयवांचे भाग, रासायनिक विश्लेषकाकडे गेला, त्यात विष सापडले नाही, आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मधुमेहामुळे आलेली बेशुद्धी हे मृत्यूचे कारण दिले. दरम्यान या बाईने पुन्हा लग्न केले असून ती दूर कुठे तरी राहायला गेली आहे अशी पत्रे तिच्या नावाने नातलगांना मिळत होती, आणि तिची मालमत्ता हळूहळू डॉक्टरांकडे जात होती. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी शिक्षा कायम केली. न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा आशय असा, की विषप्रयोग हा गुपचूप केला जाणारा गुन्हा आहे, काही विषे शरीरात मागमूस ठेवत नाहीत, आणि रासायनिक तपासणीत काही हाती लागले नाही एवढ्याच कारणाने अन्य परिस्थितीजन्य पुरावा निष्फळ ठरत नाही. न्या. सरकार यांनी वेगळे मत नोंदवले. मृत्यू अनैसर्गिक होता हेच निःसंशय सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरे प्रकरण ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, निकाल जुलै १९८४ चा. लग्नाला काही महिनेच झालेली एक तरुणी पुण्यात सायनाइडने मरण पावली. ते सायनाइड पतीने दिले की तिने स्वतः घेतले, हा प्रश्न होता. परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीची पाच सूत्रे आज देशभरातील न्यायालये ज्या निकालातून उद्धृत करतात तो हाच. विषप्रयोगासाठी कोणत्या गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात हेही त्यात सांगितले आहे: हेतू, विषामुळेच मृत्यू झाला ही बाब, आरोपीकडे ते विष असणे आणि ते देण्याची संधी. या चारपैकी रसायनशास्त्राचे थेट क्षेत्र एकच, दुसरे. प्रयोगशाळा काय आणि किती हे सांगू शकते. कोणी आणि कशासाठी हे नाही. सारडा प्रकरणात ‘काय’ या प्रश्नाचे उत्तर निर्विवाद असूनही ‘कोणी’ याचे मिळाले नाही.

मी ही दोन प्रकरणे मांडली ती एका आग्रहासाठी. महाराष्ट्रात, आणि देशात इतरत्रही, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल न्यायालयात एखाद्या शिक्क्यासारखा येतो. पोलीस ठाण्यात आणि वकिलांच्या बोलण्यात त्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. त्यावर बहुधा नमुन्यांची यादी असते आणि निष्कर्षाची एखाद-दुसरी ओळ असते: अमुक कीटकनाशक आढळून आले, किंवा कोणतेही विष आढळून आले नाही. कोणती चाचणी केली, कोणकोणती विषे शोधली, किती कमी प्रमाणापर्यंत ती पद्धत विष ओळखू शकते, सापडले ते किती होते, नमुना कोणत्या अवस्थेत पोहोचला, याबद्दल त्यात क्वचितच काही असते. माझे म्हणणे असे, की असा अहवाल न्यायालयाने पुरावा म्हणून तेवढ्यावरच स्वीकारू नये. विश्लेषकाने आपली रीत लेखी मांडावी, आणि बचाव पक्षाला शंका असेल तेथे त्याने स्वतः येऊन उलटतपासणीला सामोरे जावे. या मागणीमागे विश्लेषकांवरील अविश्वास नाही. रसायनशास्त्र सांगू शकते ते सगळे न्यायालयापर्यंत पोहोचावे एवढीच तिच्यामागची इच्छा आहे.

‘विष आढळून आले नाही’ या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याभोवती आहेत. व्हिसेरा म्हणून राखून ठेवलेले जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडाचे भाग, रक्त, लघवी यांतून विष वेगळे काढणे ही एक चाचणी नसून चाचण्यांच्या अनेक वाटा आहेत, आणि प्रत्येक वाट काही विषांकडेच जाते. सेंद्रिय विषे म्हणजे कीटकनाशके, झोपेची औषधे, अफू किंवा धोतऱ्यातील अल्कलॉइडे ही योग्य आम्लता राखून द्रावकात ओढून घ्यावी लागतात. बेल्जियमच्या जाँ सेर्वे स्तास याने १८५० मध्ये एका खुनाच्या तपासात मृताच्या अवयवांतून निकोटिन काढण्यासाठी जी रीत बसवली, तिच्या सुधारलेल्या रूपांवर जगातील विषविश्लेषण दीर्घकाळ चालले. सोमल म्हणजे आर्सेनिक, पारा, थॅलियम अशा धातूवर्गीय विषांसाठी मात्र ऊती तीव्र आम्लात पूर्ण विरघळवून वेगळ्या उपकरणांवर मोजावी लागते. सायनाइड आणि मेथनॉल उडून जाणारे असल्याने त्यांची वाट तिसरी. शिवाय इन्शुलिनसारखी द्रव्ये आहेत, जी शरीरात स्वतःच असतात आणि नेहमीच्या कोणत्याच वाटेवर भेटत नाहीत. तेव्हा ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘आम्ही ज्या वाटांनी गेलो त्यांवर आढळले नाही’ एवढाच होतो, आणि कोणत्या वाटांनी गेले हे अहवालात लिहिलेले नसेल तर त्या वाक्यातून न्यायाधीशाने काही निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

लागू प्रकरण मुंबईत घडले त्यानंतर काही महिन्यांनी, मे १९५७ मध्ये, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे एक स्त्री स्नानाच्या टबात मृतावस्थेत आढळली. नवरा परिचारक होता. नेहमीच्या तपासणीत कोणतेही विष मिळाले नाही. मात्र तिच्या नितंबावर सुईच्या बारीक खुणा दिसल्या होत्या आणि मृत्यूपूर्वी तिला घाम व अशक्तपणा आल्याचे तपासणाऱ्यांना कळले होते. ही लक्षणे रक्तातील साखर एकाएकी खाली गेल्याची असू शकतात, या तर्काने सुईच्या जागेची ऊती काढून तिचा अर्क उंदरांना टोचण्यात आला. इन्शुलिन टोचलेल्या उंदरांसारखीच त्यांची अवस्था झाली. तोपर्यंत इन्शुलिनने केलेला खून कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता. विष सापडले, कारण काय शोधायचे हे कोणीतरी विचार करून ठरवले. आणि ते न्यायालयाला पटले, कारण शोधणाऱ्यांनी प्रत्येक पायरी न्यायालयासमोर उलगडली. आपल्याकडे त्याच काळात फाशीच्या खटल्यात न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. न्या. हिदायतुल्ला यांनी सांगितलेले तत्त्व मला योग्य वाटते. न सापडणारे विष वापरणाऱ्याला कायद्याने अभय देता कामा नये. पण न्या. सरकार यांच्या अस्वस्थतेचे वजनही मला तितकेच जाणवते, कारण रसायनशास्त्राने सोडलेली पोकळी परिस्थितीजन्य पुराव्याने भरताना न्यायालयाकडे त्या पोकळीचा आकार मोजण्याचे साधनच नसते.

ही गोष्ट जुन्या काळाची राहिलेली नाही. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात महागाव येथे एकाच कुटुंबातील पाच जण थोड्याच आठवड्यांत दगावले. हातापायांना मुंग्या, पाठदुखी, काळे पडलेले ओठ अशी लक्षणे असल्याने धातूच्या विषाचा संशय पुढे आला. पोलिसांनी कुटुंबातीलच दोन स्त्रियांवर विषप्रयोगाचा आरोप ठेवला. त्या आरोपांबद्दल बोलणे न्यायालयाचे काम आहे. मला त्यातून दिसते ते एवढेच, की थॅलियमसारखे द्रव्य रुग्णाला वेगवेगळ्या रुग्णालयांत फिरवत ठेवते, कारण त्याची लक्षणे मज्जातंतूंच्या आजारासारखी दिसतात आणि केस गळू लागेपर्यंत दोन-तीन आठवडे उलटतात. अशा मृत्यूत प्रयोगशाळेला ‘विषाची तपासणी व्हावी’ असे नुसते पत्र गेले आणि तिने फक्त द्रावकाची वाट धरली, तर अहवाल निर्दोष दिसेल आणि निरुपयोगी असेल.

आता दुसरी बाजू. विष सापडल्याचा अहवालही चुकू शकतो, आणि या चुकीची किंमत बहुधा जास्त असते. इंग्लंडमधील विषशास्त्राचा त्या काळचा सर्वांत मोठा अधिकारी आल्फ्रेड स्वेन टेलर याने १८५९ मध्ये एका डॉक्टरवरील खटल्यात एका बाटलीत आर्सेनिक सापडल्याचे सांगितले. पुढे त्यालाच कबूल करावे लागले, की ते आर्सेनिक बाटलीतील नसून चाचणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतून आले होते. तरी त्या डॉक्टरला ज्युरीने दोषी ठरवले. मग देशभर गदारोळ झाला आणि त्याला माफी मिळाली. विषविश्लेषणात कोऱ्या नमुन्याला, म्हणजे विष नाही हे माहीत असलेला नमुना त्याच साधनांनी तपासण्याला, इतके महत्त्व आहे ते या प्रकारच्या चुकांमुळे. आपल्याकडे व्हिसेरा ज्या मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, त्या द्रावणाचा वेगळा नमुनाही बरणीसोबत पाठवावा असा नियम आहे. तो पाठवला की नाही हे अहवालात दिसले पाहिजे, कारण तो नमुना नसेल तर सापडलेले विष मिठातून आले नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

याहून हृदयद्रावक प्रकरण अमेरिकेतील मिसुरी राज्यातील आहे. १९८९ मध्ये तेथे तीन-साडेतीन महिन्यांचे बाळ आजारी पडले. प्रयोगशाळेने त्याच्या रक्तात इथिलीन ग्लायकॉल म्हणजे मोटारींच्या रेडिएटरमध्ये घालण्याचे विषारी द्रव्य सापडल्याचे कळवले. बाळाला पालकांपासून दूर ठेवण्यात आले. आईने त्याला भेटून बाटलीने दूध पाजले, आणि त्यानंतर ते पुन्हा आजारी पडून मरण पावले, तेव्हा आईवर खुनाचा आरोप आला आणि १९९१ मध्ये तिला जन्मठेप झाली. खटल्यापूर्वीच तुरुंगात असताना तिला दुसरे बाळ झाले होते. त्याच्यातही तीच लक्षणे दिसली आणि त्याला मिथिलमॅलोनिक ॲसिडिमिया हा जन्मजात चयापचयाचा आजार असल्याचे निदान झाले. सेंट लुईसच्या आणि येल विद्यापीठाच्या संशोधकांनी पहिल्या बाळाचे नमुने पुन्हा तपासले तेव्हा कळले, की त्या आजारात शरीरात साठणारे प्रोपिऑनिक आम्ल प्रयोगशाळांनी इथिलीन ग्लायकॉल समजून वाचले होते. गॅस क्रोमॅटोग्राफीत प्रत्येक द्रव्य स्तंभातून बाहेर यायला ठरावीक वेळ घेते, आणि या दोन द्रव्यांच्या वेळा जवळजवळ होत्या. आई सुटली. तिचे पहिले बाळ खरोखर आजारानेच गेले होते, आणि योग्य निदान झाले असते तर त्यावर उपचार करता आले असते. त्या खटल्यात प्रयोगशाळेच्या निष्कर्षावर कोणी खोलवर प्रश्न विचारले असते, दोन द्रव्यांना वेगळे ओळखणारी वस्तुमान वर्णपटाची पुष्टी मागितली असती, तर ती तुरुंगात गेली नसती असे मला ठामपणे वाटते.

आपल्याकडील खेडेगावातील एखाद्या मृत्यूचा प्रवास पाहिला की अशा चुकांना किती जागा आहेत ते ध्यानात येते. कीटकनाशक प्यायलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात आणतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ आणि फेस येत असतो, आणि डॉक्टर सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशकांवर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात, बऱ्याचदा मोठ्या मात्रेत. रुग्ण दगावतो. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, इन्क्वेस्ट पंचनामा होतो, शवविच्छेदन होते आणि डॉक्टर लिहितात की व्हिसेरा राखून ठेवला आहे, मृत्यूच्या कारणाविषयीचे मत रासायनिक अहवालानंतर. सीलबंद बरण्या पोलीस शिपायाच्या ताब्यात जातात. त्या प्रयोगशाळेत कधी पोहोचतात हे ठाण्याच्या मनुष्यबळावर अवलंबून असते. उपचाराची कागदपत्रे बरण्यांसोबत गेली नाहीत, तर विश्लेषकाला यकृतात ॲट्रोपिन सापडते, आणि धोतऱ्याच्या बियांतही तेच ॲट्रोपिन असते. धोतरा देऊन लुटण्याचे प्रकार आपल्याकडे पूर्वापार नोंदले गेले आहेत. उपचार म्हणून टोचलेले औषध विष म्हणून वाचले जाणे एवढे सोपे आहे. वेदनाशामक म्हणून दिलेल्या मॉर्फिनचेही तसेच.

उशिराचा परिणाम विषागणिक वेगळा होतो. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पोटात गेल्या की फॉस्फिन वायू सुटतो. बरण्या ठाण्याच्या कपाटात पडून राहिल्या तर तो निसटून जाण्याची भीती असते. सायनाइडही कालांतराने घटते. याउलट कुजणाऱ्या शरीरात जिवाणू स्वतःच अल्कोहोल तयार करतात, म्हणजे दारूला कधीच न शिवलेल्या माणसाच्या रक्तात दारू ‘आढळते’. मृत्यूनंतर काही औषधे यकृतातून आणि फुप्फुसांतून हृदयाच्या रक्तात उतरतात. म्हणून रक्त मांडीच्या शिरेतून घ्यावे असा प्रघात जगभर पडला आहे. नमुना हृदयातून घेतला होता की मांडीतून, हे अहवालात नसेल तर आकडा लिहूनही उपयोग नाही. आपल्याकडे तर बहुतेक व्हिसेरा अहवालांत आकडाच नसतो, आणि विषशास्त्राचा पहिला धडा मात्रेचा आहे. झोपेचे औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेणाऱ्या वृद्धाच्या यकृतात ते सापडणारच. त्यामुळे तो मेला का, हे मात्रेखेरीज कसे सांगणार?

कायदा मात्र अहवालाला मोठी सवलत देतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९, सरकारी रासायनिक परीक्षकाचा अहवाल त्याला न बोलावताच पुराव्यात वाचता येईल असे सांगते. न्यायालयाला वाटले तर त्याला बोलावता येते, पण न बोलावणे हाच प्रघात पडला आहे. याची कारणे ऐतिहासिक आहेत. मद्रासला १८४९ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये रासायनिक परीक्षकाचे कार्यालय सुरू झाले तेव्हा एका माणसाने आख्ख्या इलाख्यातील नमुने तपासायचे होते. सोमल, अफू, धोतरा, बचनाग ही तेव्हाची बहुतेक विषे. त्याला प्रत्येक जिल्ह्याच्या कोर्टात बोलावणे अशक्यच होते. आज मुंबईतील कलिन्याच्या मुख्य प्रयोगशाळेखेरीज नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रयोगशाळा आहेत, आणि दूरदृश्य प्रणालीने साक्ष घेण्याला कायद्याने मुभा दिली आहे. सवलतीचे मूळ कारण उरलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही तज्ज्ञाच्या मताला बिनशर्त मान्यता दिलेली नाही. हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जय लाल या १९९९ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की तज्ज्ञाचे काम न्यायाधीशाला निष्कर्षाची अचूकता तपासता येईल असे शास्त्रीय निकष पुरवणे हे आहे, जेणेकरून न्यायाधीश ते निकष पुराव्याला लावून स्वतःचे मत बनवू शकेल. निष्कर्षाची एखाद-दुसरी ओळ असे कोणते निकष पुरवते? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातून आलेल्या मेलेंडेझ-डियाझ प्रकरणात स्पष्ट केले, की प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र म्हणजे साक्षच आहे आणि आरोपीला ते लिहिणाऱ्याची उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे. योगायोग असा, की त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका सरकारी प्रयोगशाळेत एक विश्लेषक अनेक नमुने न तपासताच अमली पदार्थ असल्याचे लिहीत होती हे नंतर उघड झाले, आणि २०१७ मध्ये एकवीस हजारांवर खटले रद्द करावे लागले. प्रमाणपत्र कितीही नीटनेटके असले तरी त्याच्यामागे काय घडले हे फक्त प्रश्न विचारून कळते.

आमच्याकडील अनुभवी विश्लेषक आणि सरकारी वकील या मागणीला जे उत्तर देतात ते मी गांभीर्याने घेतो. प्रयोगशाळांकडे प्रलंबित नमुन्यांचा डोंगर आहे, माणसे अपुरी आहेत, आणि विश्लेषक कोर्टाच्या तारखांना हजर राहू लागले तर तपासणी आणखी मागे पडेल. उशिराने होणारे नुकसान खरेच आहे. मृताच्या घरी विम्याचा दावा अडकतो, तपास अडकतो, संशयित तुरुंगात अडकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जोशिंदर यादव विरुद्ध बिहार राज्य या हुंडाबळीच्या प्रकरणात नेमके यावर बोट ठेवले. व्हिसेरा राखून ठेवला होता, पण त्याचा अहवाल खटल्यात आलाच नव्हता. शिक्षा इतर पुराव्यावर कायम राहिली, पण न्या. रंजना देसाई यांनी लिहिलेल्या निकालाने बजावले, की विषाचा संशय असेल तेथे व्हिसेरा तत्काळ पाठवावा, अहवाल वेळेत न्यायालयात यावा आणि प्रयोगशाळेने स्पष्ट मत द्यावे. त्या निकालाची प्रत गृह, विधी आणि आरोग्य खात्यांच्या सचिवांना पाठवण्याचे आदेशही होते. म्हणजे दोष एकट्या प्रयोगशाळेचा नाही.

परंतु कामाचा भार हे अहवाल त्रोटक ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. कोणत्या चाचण्या केल्या हे विश्लेषकाच्या कार्यपुस्तिकेत लिहिलेलेच असते. ते अहवालाला जोडायला नवी माणसे लागत नाहीत. सर्वच खटल्यांत साक्ष घ्यावी असेही कोणी म्हणत नाही. बचाव पक्ष अहवाल मान्य करत असेल तर तेथे साक्षीची गरज नाही. तो मान्य नसेल आणि खटला खुनाचा किंवा हुंडाबळीचा असेल, तर दूरदृश्य प्रणालीवरील एक दुपार हा फार मोठा खर्च नव्हे. विश्लेषकाला आपली रीत समजावून सांगावी लागेल हे कळले की कागदावर उपचाराची नोंद का नाही, मिठाचा नमुना का नाही, पत्रात लक्षणे का नाहीत, हे प्रश्न तो नमुना स्वीकारतानाच विचारू लागेल. साक्षीचा सर्वांत मोठा लाभ न्यायालयापेक्षा प्रयोगशाळेच्या दारात होईल, असा माझा अंदाज आहे.

नव्या संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची दिशा घेतली आहे, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतचा अवधी दिला आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली तेव्हा व्हिसेऱ्यातील मेथनॉलइतकेच उरलेल्या दारूचे आणि ती आणलेल्या पिंपांचे नमुने महत्त्वाचे होते, कारण मेथनॉल मृतांच्या शरीरात होते एवढे कळून ते कोणी मिसळले हे कळत नाही. घटनास्थळावरून रिकामी बाटली, भांड्याच्या तळाशी राहिलेले जेवण, उलटीने भिजलेले कापड वेळेत उचलले गेले तर सारडा प्रकरणासारखी पोकळी कमी राहते. पण घटनास्थळी अधिक नमुने गोळा होणार म्हणजे प्रयोगशाळेत अधिक नमुने येणार, आणि अहवाल आहे तसाच त्रोटक राहिला तर अधिक नमुन्यांतून अधिक त्रोटक अहवाल निघतील. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००९ मध्ये सांगितले होते की प्रयोगशाळा पोलीस यंत्रणेच्या अधिपत्याखाली नसाव्यात. महाराष्ट्रात त्या गृह खात्याकडे आहेत. त्यांना आरोग्य किंवा विधी खात्याकडे द्यावे की स्वायत्त करावे यावर मतभेद होऊ शकतात, पण ज्या खात्याचे अधिकारी आरोप ठेवतात त्याच खात्याने आरोपाची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचा खर्च आणि बदल्या ठरवाव्यात, हे मला पटत नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत निकडीचा वाटतो आणि तो आरोपीच्या हक्काचा आहे. अन्न सुरक्षा कायद्यानुसार दुकानदाराकडून तेलाचा किंवा मसाल्याचा नमुना घेतला तर तो चार भागांत विभागला जातो, आणि अन्न विश्लेषकाचा अहवाल दुकानदाराला मान्य नसेल तर अपील करून दुसरा भाग संदर्भ प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. अमली पदार्थांच्या खटल्यांत पुनर्तपासणी अगदी अपवादात्मक परिस्थितीत आणि अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत अर्ज केला तरच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थाना सिंग प्रकरणात ठरवले. विषप्रयोगाच्या खुनात तर व्हिसेऱ्याचा एक भाग राखून तो आरोपीने सांगितलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासता यावा अशी कोणतीही स्पष्ट तरतूद नाही. मिसुरीतील त्या आईला पुनर्तपासणीने वाचवले, आणि तीही केवळ तिला दुसरे मूल झाले म्हणून शक्य झाली. भेसळीच्या तेलाला जो हक्क कायदा देतो तो फाशीच्या आरोपीला द्यायला शवविच्छेदनाच्या वेळी एक जादा बरणी, ती अपिलाचा निकाल लागेपर्यंत गोठवून ठेवणारा शीतकक्ष आणि संहितेत एक पोटकलम लागेल. राज्य सरकारला यातल्या पहिल्या दोन गोष्टी सुरू करायला संसदेची वाट पाहण्याची गरज नाही.